शाळेचा पैसा आणि बापाची घरपट्टी

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द शिक्षणाचा आहे, हे आपल्या समाजातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. जयंतीच्या मंडपात, विहारातल्या वंदनेनंतर, मंगल परिणयाच्या पत्रिकेवरसुद्धा आपण तो शब्द लिहितो. परंतु शिकायचे म्हटले की शाळा लागते. शाळा म्हटली की भिंती, फळा, गुरुजी, पाण्याचा नळ आणि मुलींसाठी शौचालय लागते. आणि या सगळ्याला पैसा लागतो. हा पैसा कोठून येतो, कोणाच्या शाळेत किती जातो आणि असे का होते, या हिशेबाकडे मात्र आपल्या चळवळीचे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. आपली भाषणे भावनेवर होतात आणि अंदाजपत्रक मात्र दुसराच कोणी वाचतो.

या लेखात आम्ही तो हिशेब मांडणार आहोत. त्यासाठी वाचकांना प्रथम थोडे दूर, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात घेऊन जाणार आहोत. गरीब वस्तीच्या शाळेला पैसा कमी का मिळतो, या एकाच प्रश्नावर तिथल्या गरीब पालकांनी १९६८ सालापासून पाव शतकाहून अधिक काळ लढा दिला, आणि एकेका डॉलरचा हिशेब न्यायालयाच्या दप्तरात नोंदवून ठेवला. हा देश आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या, काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केला होता. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा, त्यातही सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. म्हणून तिथल्या वंचितांनी हिशेबाच्या वहीवर केलेली लढाई आपण समजून घेतली पाहिजे.

एकच शहर, दोन जिल्हे

टेक्सासमध्ये सान अँटोनिओ नावाचे मोठे शहर आहे. तिथे शाळांच्या बाबतीत 'जिल्हा' म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. शाळा चालविण्यासाठी आखलेली हद्द म्हणजे शालेय जिल्हा. त्या काळी या एका शहराच्या परिसरात असे सात शालेय जिल्हे होते. प्रत्येक जिल्हा आपल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर कर बसवी आणि त्या पैशातून आपल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा उचली. आपल्याकडच्या घरपट्टीसारखाच हा कर. म्हणजे ज्या हद्दीत बंगले आणि मोठी दुकाने, तिथे शाळेची तिजोरी भरलेली. ज्या हद्दीत मजुरांची लहान घरे, तिथे तिजोरी रिकामी.

शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचा जिल्हा होता. २५ शाळा, सुमारे २२ हजार मुले. त्यातली सुमारे ९० टक्के मुले मेक्सिकन वंशाची आणि ६ टक्क्यांहून अधिक काळी. त्या हद्दीत कारखाने, व्यापारी पेठा जवळजवळ नाहीत. होती ती कष्टकऱ्यांची घरे. त्याच शहरात दुसरा जिल्हा अलामो हाइट्स. ६ शाळा, सुमारे ५ हजार मुले. वस्ती मुख्यतः गोऱ्यांची आणि सुखवस्तू.

१६ मे १९६८ रोजी एजवूडच्या हायस्कूलमधली सुमारे ४०० मुले वर्ग सोडून बाहेर पडली आणि मोर्चाने जिल्हा कार्यालयाकडे गेली. शिकलेले शिक्षक द्या, इमारत दुरुस्त करा, साहित्य द्या, ही त्यांची मागणी. मुलांनी आधी आवाज उठविला आणि मग पालक संघटित झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पालकांमध्ये दिमेत्रिओ रॉड्रिगेझ नावाचे एक गृहस्थ होते. हवाई दलाच्या तळावर पत्रे जोडण्याचे काम करणारा हा कामगार. त्यांच्या मुलांच्या शाळेचे वरचे मजले धोकादायक ठरलेले होते आणि तिथे वटवाघळांनी घर केले होते. जिल्ह्यातल्या जवळजवळ निम्म्या शिक्षकांकडे पूर्ण मान्यतेचा दाखला नव्हता, त्यांना तात्पुरत्या परवान्यावर नेमलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी आर्थर गोचमन या वकिलामार्फत फेडरल न्यायालयात दावा लावला.

वहीतले आकडे काय सांगतात

आता १९६७-६८ या एका वर्षाचा हिशेब पाहू. हे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रात छापलेले आहेत.

एजवूडमध्ये दर मुलामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची. कराचा दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट, म्हणजे त्या संपूर्ण परिसरात सर्वांत जास्त. राज्याच्या योजनेत भरावयाचा ठराविक हिस्सा भरल्यावर या करातून दर मुलामागे हाती राहिले २६ डॉलर. राज्याच्या योजनेतून आले २२२ डॉलर. केंद्र सरकारकडून १०८ डॉलर. एकूण ३५६ डॉलर.

अलामो हाइट्समध्ये दर मुलामागे करपात्र मालमत्ता ४९ हजार डॉलरहून अधिक. कराचा दर मात्र केवळ ८५ सेंट. तरीही ठराविक हिस्सा भरून हाती राहिले ३३३ डॉलर. राज्याकडून २२५ डॉलर. केंद्राकडून ३६ डॉलर. एकूण ५९४ डॉलर.

वाचकहो, हे दोन परिच्छेद घाईने वाचून पुढे जाऊ नका. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट. गरीब माणूस शिक्षणासाठी पैसा द्यायला तयार नसतो, हा आरोप खोटा ठरतो. एजवूडचा मजूर आपल्या पदरच्या डॉलरवर श्रीमंतापेक्षा जास्त दराने कर भरत होता. त्याचा प्रयत्न मोठा होता, लहान होते ते त्याचे घर.

दुसरी गोष्ट. सगळ्यांचा समज असा असतो की स्थानिक पैशात फरक पडला तरी सरकार वरून मदत देऊन तो भरून काढत असेल. इथे राज्य सरकारने गरीब जिल्ह्याला २२२ आणि श्रीमंत जिल्ह्याला २२५ डॉलर दिले. म्हणजे भरून काढणे दूरच, श्रीमंताच्या ताटात तीन डॉलर जास्त वाढले. याचे कारण राज्याचा पैसा शिक्षकांच्या पदव्या आणि अनुभव पाहून मिळत होता. ज्या जिल्ह्याला चांगले शिक्षक ठेवणे परवडते, त्यालाच जास्त अनुदान. नियम कागदावर सर्वांना सारखा, फळ मात्र ज्याचे त्यालाच.

तिसरी गोष्ट. यातून गरिबाने स्वतःच्या बळावर बाहेर पडावे म्हटले तर तेही शक्य नव्हते. परिसरातल्या सर्वांत जास्त उत्पन्न मिळविणाऱ्या जिल्ह्याची बरोबरी करण्यासाठी अलामो हाइट्सला शंभर डॉलरमागे ६८ सेंट कर पुरला असता, तर एजवूडला ५ डॉलर ७६ सेंट कर बसवावा लागला असता. आणि राज्याच्या कायद्याने कमाल मर्यादा घातली होती १ डॉलर ५० सेंटची. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी हा हिशेब आपल्या निकालपत्रात मांडला आहे. आधी हात बांधायचे आणि मग पोहत का नाहीस म्हणून विचारायचे, असा हा न्याय.

न्यायालयात काय झाले

डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. एजवूडमध्ये आनंद झाला. पण राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी पालक हरले.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिले. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नाही. कोणाला शाळेतून पूर्णपणे वगळलेले नाही, सर्वांना किमान शिक्षण मिळते आहे. आणि शाळेचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती असावा या हेतूला ही करपद्धत धरून आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विरोधी मत देणाऱ्या चौघांत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल होते. गुलामाचा हा पणतू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला पहिला काळा न्यायमूर्ती. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, हा १९५४ सालचा गाजलेला निकाल त्यांनीच वकील म्हणून मिळविला होता. त्यांनी विस्ताराने दाखवून दिले की मूल कोणत्या हद्दीत जन्मले यावर त्याच्या शाळेचा पैसा ठरत असेल तर समान संरक्षणाला अर्थ उरत नाही. शाळेचे दार उघडे आहे एवढ्याने समता येत नाही, दाराच्या आत काय आहे तेही पाहावे लागते, हा त्यांच्या मताचा गाभा.

आपल्याला हे लगेच पटते. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवीत. ते दार संघर्षाने उघडले. दार उघडल्यावर आतला फळा फुटका आणि गुरुजींची खुर्ची रिकामी असेल, तर बहिष्काराने नुसता वेष बदलला आहे.

हरल्यावरही लढाई थांबली नाही

सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर दुसरा समाज असता तर घरी बसला असता. एजवूडच्या लोकांनी दुसरे दार शोधले. देशाच्या घटनेत शिक्षणाचा हक्क नसला तरी टेक्सास राज्याच्या स्वतःच्या घटनेत सार्वजनिक मोफत शाळांची कार्यक्षम व्यवस्था राखण्याचे कर्तव्य विधिमंडळावर टाकलेले आहे. त्या एका कलमाचा आधार घेऊन मेक्सिकन अमेरिकनांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या संघटनेने १९८४ साली राज्याच्या न्यायालयात नवा दावा लावला. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ही व्यवस्था राज्यघटनेला धरून नाही.

त्या निकालातले आकडे आणखी बोलके आहेत. सर्वांत श्रीमंत जिल्ह्यात दर विद्यार्थ्यामागे १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक मालमत्ता, सर्वांत गरीब जिल्ह्यात सुमारे २० हजार डॉलर. म्हणजे सातशेला एक. शंभर गरीब जिल्हे सरासरी साडेचौऱ्याहत्तर सेंट कर लावून दर मुलामागे २,९७८ डॉलर खर्च करीत, तर शंभर श्रीमंत जिल्हे ४७ सेंट कर लावून ७,२३३ डॉलर.

निकालानंतरही विधिमंडळाने काही वर्षे टाळाटाळ केली. शेवटी १९९३ साली कायदा झाला की ठराविक मर्यादेपलीकडे श्रीमंत असलेल्या जिल्ह्यांनी आपल्या करातला काही भाग इतरांसाठी द्यावा. श्रीमंतांनी या कायद्याला चिडून रॉबिन हूडचे नाव दिले. १९९५ साली न्यायालयाने तो मान्य केला.

या कायद्याने सर्व दुःख मिटले असे आम्ही म्हणणार नाही. मालमत्तेच्या किमतीवर श्रीमंती मोजली की ज्या शहरात जमिनी महाग पण शाळेतली मुले गरीब, त्या शहरालाही पैसा द्यावा लागतो. ऑस्टिन शहराची हीच तक्रार आहे. म्हणजे हद्दीची श्रीमंती वेगळी आणि मुलाची गरिबी वेगळी, दोन्ही पाहावे लागते. न्यू जर्सी राज्याने याच्याही पुढे पाऊल टाकले. तिथल्या न्यायालयाने १९९० सालच्या निकालात सांगितले की गरीब शहरी जिल्ह्यांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांतल्या शाळांइतका पैसा मिळाला पाहिजे, आणि त्यांच्या मुलांच्या जास्तीच्या गरजांसाठी त्याहून अधिकही दिले पाहिजे. १९९८ साली तर तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्या चालविण्याचाही आदेश झाला.

हाच हिशेब आपल्याकडे आधी मांडला गेला

वाचकांना वाटेल, हे अमेरिकेचे शहाणपण. तसे नाही. एजवूडच्या दाव्याच्या ८६ वर्षे आधी आपल्या पुण्यात हाच मुद्दा मांडला गेला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी सरकारला सांगितले की तिजोरीतला मोठा पैसा रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी लोकल फंडाचा उपकर वसूल होत असे आणि त्याच्या गावात शाळाच नसे. इलाख्यातली दहापैकी नऊ गावे शाळेवाचून आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळांची स्वतंत्र सोय करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कर कोण भरतो आणि शाळा कोणाला मिळते, हा प्रश्न सरकारदरबारी मांडणारे जोतीराव होते, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

त्यांच्यानंतर बाबासाहेब. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई खर्च करते केवळ चौदा आणे, आणि दारूच्या अबकारी करातून दरडोई वसूल करते दोन रुपये दोन आणे नऊ पै. गोरगरिबाला दारू पाजून मिळविलेला पैसासुद्धा त्याच्या मुलाच्या शाळेत परत येत नाही, हे या दोन आकड्यांनी दाखविले. त्याच भाषणात त्यांनी एक तत्त्व मांडले. त्याचा आशय असा की निरनिराळ्या समाजांत शिक्षणाची एवढी तफावत असताना सर्वांना सारखे वागवून समता येणार नाही. जे खालच्या पातळीवर आहेत त्यांना अधिक द्यावे लागेल. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९० साली जे सांगितले ते बाबासाहेबांनी ६३ वर्षे आधी सांगितले होते. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. तळ्याचे पाणी आणि शाळेचा पैसा या दोन वेगळ्या लढाया नव्हत्या. दोन्हीत प्रश्न एकच, सार्वजनिक वस्तूवर हक्क कोणाचा?

आणि त्यांनी हे तत्त्व स्वतः अंमलात आणले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे पहिले महाविद्यालय १९४६ साली मुंबईत निघाले. दुसरे मोठे केंद्र त्यांनी मुंबई-पुण्यात काढले नाही. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, शिक्षणात मागे पडलेल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली ते काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. जिथे गरज जास्त तिथे पैसा न्यायचा, हा त्याचा अर्थ.

आपल्या वस्तीतली शाळा आज

आपली पद्धत टेक्साससारखी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. गडचिरोलीच्या पाड्यावरचा शिक्षक आणि पुणे जिल्ह्यातल्या बागायती गावातला शिक्षक यांची वेतनश्रेणी एकच. संविधानाच्या मूळ ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते मुदतीत झाले नाही, पण २००२ च्या दुरुस्तीने २१-अ कलम आले, २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. म्हणजे रॉड्रिगेझ यांच्याकडे जो मूलभूत हक्क नव्हता तो आज आपल्या मुलांकडे आहे.

मग विषमता कोठून येते? ती पगाराच्या रकान्यात दिसत नाही म्हणून दुसऱ्या तीन रकान्यांत शोधावी लागते.

पहिला रकाना रिक्त जागांचा. पद मंजूर असते, पण माणूस नसतो. बदल्यांच्या नियमांत सरकारनेच काही गावांना 'अवघड क्षेत्र' म्हटले आहे. अवघड गावात जाणे कोणाला नको असते. जागा रिकामी राहिली की त्या जागेचा पगार वाचतो, आणि वाचलेला पैसा त्या गावातल्या मुलांच्या वाट्याचा असतो. दोन शिक्षकांच्या शाळेत एकच शिक्षक, आणि तोही महिन्यातले काही दिवस बैठका आणि माहिती भरण्यात. मग चौथीच्या मुलाला वाचता येत नाही याचा दोष आईबापाच्या अशिक्षितपणावर टाकला जातो.

दुसरा रकाना किरकोळ खर्चाचा. समग्र शिक्षा योजनेतून शाळांना पटसंख्येप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. २०२१ च्या सुधारित निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला कमाल १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. दहा हजारांना बाराने भागा. महिन्याला ८३३ रुपये होतात. त्यात खडू, साबण, वीजबिल, नळाची तोटी आणि पावसाळ्यात उडालेले कौल. हे अनुदान ठरविताना मुलांची डोकी मोजली जातात, त्यांची गरिबी मोजली जात नाही. टेक्सासच्या २२२ आणि २२५ डॉलरची आठवण इथे झाली पाहिजे.

तिसरा रकाना लोकवर्गणीचा. हा सर्वांत गोड बोलून फसविणारा. ज्या गावात ऊस, द्राक्षे, साखर कारखाना, परगावी गेलेले मोठे अधिकारी, तिथे गावकरी वर्गणी काढतात; शाळेत रंग, संगणक, मोठा पडदा, संरक्षक भिंत होते. चांगली गोष्ट आहे, आम्ही कौतुकच करू. पण ज्या पाड्यावरचे निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांनी वर्गणी कशातून काढायची? लोकसहभागाच्या नावाने गुण देऊन शाळांना बक्षिसे वाटली की बक्षीसही श्रीमंत गावालाच. शहरांतही तेच. मुंबई महानगरपालिकेची आर्थिक ताकद मोठी, म्हणून तिच्या शाळांतल्या मुलांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देता येतात. दुर्गम तालुक्यातल्या नगरपंचायतीला ते स्वप्नातही शक्य नाही. मुंबईतली ती मुलेही झोपडपट्टीतली, गरीबच आहेत. त्यांचे काढून घ्या असे आमचे म्हणणे नाही. तेवढे सर्वांना द्या, एवढेच म्हणणे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. उद्योगांनी आणि दात्यांनी शाळा दत्तक घेण्याची योजना जाहीर झाली. त्यात मोठ्या शहरातल्या शाळेसाठी देणगीची रक्कम जास्त आणि ग्रामीण शाळेसाठी कमी अशी वर्गवारी होती. आणि त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा कोठे असतात? डोंगरातल्या वाड्यांवर, पाड्यांवर, धनगरवाड्यांत आणि कित्येक ठिकाणी आपल्या बौद्धवाड्यांतही. समूह शाळेत खोल्या चांगल्या असतील, गाडीही देऊ म्हणतील. पण ओढा ओलांडून जाणारी सहावीतली मुलगी गाडी बंद पडल्याच्या दिवसापासून घरी बसते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क गाडीच्या आश्वासनावर गहाण टाकता येणार नाही.

आपण काय करायचे

आपल्यातला नोकरदार वर्ग शहरात आला आणि त्याने मुले खासगी इंग्रजी शाळेत घातली. आम्ही कोणाला दोष देत नाही. प्रत्येकाला आपल्या मुलाचे भले करण्याचा अधिकार आहे. पण सुशिक्षित पालक सरकारी शाळेतून निघून गेला की त्या शाळेसाठी अर्ज लिहिणारा, हिशेब विचारणारा माणूसही निघून जातो. मागे राहते मजुराचे मूल. म्हणून शिकलेल्यांनी आपले मूल कोठेही शिकवावे, पण वस्तीतल्या शाळेचा हिशेब सोडू नये.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचे असते. आमच्या भगिनींना विनंती आहे की सही करण्यापुरते या समितीवर राहू नका. सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? या वर्षीचे अनुदान किती आले आणि कोणत्या तारखेला? ते कशावर खर्च झाले आणि पावत्या कोठे आहेत? आराखड्यात मागितलेल्या गोष्टींपैकी कोणत्या मिळाल्या नाहीत आणि नकाराचे कारण काय? उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागा. लेखी नाकारले तर २००५ चा माहिती अधिकार आहे.

दुसरे काम ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. हा पैसा कोठे गेला हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. कमान आणि पेव्हर ब्लॉक यांच्याआधी वाडीच्या शाळेचे पाणी आणि शौचालय मागा.

तिसरे काम युवक मंडळांचे. एका तालुक्यातल्या दहा शाळा निवडा, पाच सधन गावांतल्या आणि पाच वाड्या-पाड्यांवरच्या. प्रत्येकीत मंजूर पदे, भरलेली पदे, अनुदान, वर्गणी, वीज, पाणी यांचा एका पानाचा तक्ता करा. एजवूडच्या लोकांच्या हाती घोषणा होत्या, पण सरकारला उत्तर देणे भाग पडले ते आकड्यांपुढे. असा तक्ता तयार झाला की गटशिक्षणाधिकाऱ्यासमोर, आमदारासमोर आणि गरज पडली तर न्यायालयासमोरही ठेवता येतो. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे काम पुढाकाराने करावे. जमाखर्च वाचण्याची विद्या नोकरीपुरती नाही.

जयंतीच्या वर्गणीतून अभ्यासिका काढणारी, वह्या वाटणारी मंडळे आता वाढत आहेत, ही आनंदाची बाब आहे. ते अवश्य करा. परंतु विहारातली अभ्यासिका ही शाळेची जोड आहे, शाळेच्या बदली नाही. आपण फळा विकत आणून दिला म्हणून सरकारच्या वहीतले येणे मिटत नाही, ते वसूल करायचेच आहे.

दिमेत्रिओ रॉड्रिगेझ यांचे २०१३ साली निधन झाले. त्यांनी दावा लावला तेव्हा त्यांची मुले शाळकरी होती. श्रीमंत जिल्ह्यांचा पैसा गरीब जिल्ह्यांकडे वळविणारा कायदा झाला तेव्हा ती शाळेचे वय ओलांडून गेली होती. त्या पैशाचा लाभ इतरांच्या मुलांना झाला. आपल्याकडेही असेच होईल. आज जो बाप तक्ता लिहील त्याच्या मुलाला कदाचित त्याचा उपयोग होणार नाही, शेजारच्या झोपडीतल्या मुलीला होईल. चवदार तळ्यावर गेलेल्यांनी तरी ते पाणी केवळ आपल्या ओंजळीपुरते कोठे मागितले होते?

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा, व्यवस्थापन समितीवर कोण कोण आहे ते विचारा, आणि पहिला तक्ता लिहायला घ्या.

जय भीम!